सहा इंच खोल

लातूर जिल्हा झाल्यापासून आमचे हे एकच म्हणायचे, "आता सगळं इथंच मिळतं." मिळत नव्हत्या त्या दोनच गोष्टी, नळाला पाणी आणि माझ्या गिटारीला पिशवी. तिचं पोटच इतकं खोल, की कुठल्याही पिशवीची चेन अर्ध्यावर अडायची. आणि रविवारी तर नांदेडला, माझ्या जुन्या कॉलेजात, बाळंतपणानंतर पहिल्यांदा गायचं होतं. कडेवर सात महिन्यांची मुलगी, एसटीत गर्दी. गिटार फुटली तर? मुलगी रडली तर?

शेवटी गादीवाल्या चाचांना म्हटलं, "कापूस भरून खोळ शिवा. गिटार जरा जास्तच खोल आहे."

"किती खोल?"

"सहा इंच."

"बाई, लोकं दोनशे फूट खोल जाऊन राहिले तरी पाणी न्हाई, अन् तुमाला सहा इंच लई वाटून राहिले? घेऊन या, माप घेतो."

"पिशवी असती तर गिटार आणली नसती का, चाचा?"

शनिवारी खोळ मिळाली. बाहेरून बरोब्बर सहा इंच. आत नुसता कापूस, गिटारीला जागाच नाही!

"तुमीच म्हनले ना, सहा इंच?"

नेहमीप्रमाणे मला वाटलं, माझंच चुकलं असेल.

रविवारी गिटार चादरीत गुंडाळून नांदेडला नेली, खोळ मुलीखाली अंथरायला घेतली. मी गात होते तेवढा वेळ मुलगी त्या खोळीवर गाढ झोपली. गाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मैत्रिणी एकच विचारत होत्या, "बाळाची गादी कुठं शिवलीस गं?"

"लातूरला," म्हटलं. "जिल्हा झालाय ना आता. सगळं मिळतं."