खडूच्या खुणा

नाही नाही, आत पाय टाकू नकोस, पोरा – तिथंच खाली उभा राहा, मी दारातून बोलते. वाईट वाटून घेऊ नकोस, दोघांचं वजन झालं की हे डुगडुगतं. मी नुसती कूस बदलली तरी कपाटातल्या बश्या वाजतात. तू हे ट्रकच्या पाठीवर बसणारं घर, कॅम्पर, नवाच घेतलायस ना, मग ऐक – ट्रक खालून निघाला की हे घर राहत नाही, चार काठ्यांवर ठेवलेलं खोकं होतं. ट्रक बाहेर पडेपर्यंत उंच, ते ठीक. पण तो बाहेर पडला की पाय आखडून लगेच खाली घ्यायचं, पार जमिनीजवळ, पोटाखाली लाकडी ठोकळे रचायचे आणि भार त्यांच्यावर द्यायचा. पायांखाली फळ्या – ही वाळू वरून घट्ट दिसते, पण एक पाय रुतला की सगळं आडवं. आणि पुढचा तो माळा, ट्रकच्या टपावर येतो तो, त्यात अशा वेळी झोपायचं नाही. मी खालीच झोपते, टेबलाशेजारी, पाय दुमडून.

आमचं? हो, उंच आहे, तुझ्या छातीला दार लागतंय, मलाही दिसतंय. मर्लला घाई असते रे. नवरा माझा. सकाळी क्वार्ट्झसाइट गावात जातो, पत्ते, कॉफी, चारला परत – आल्यावर ट्रक सरळ खाली घालता यावा म्हणून असंच ठेवतो. घालतो का? नाही घालत. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण झाला, तेव्हापासून एकदाही नाही घातला. पण घालायचा झालाच तर. पायरी? पायरी ट्रकमध्ये असते, चोरीला जाईल म्हणतो. खरं आहे तुझं, इथं वाळवंटात कोण चोरतंय पायरी, लोक दाराला कडीसुद्धा लावत नाहीत. उडी मारायचं म्हणशील तर माझ्या खुब्यात लोखंड घातलंय.

ते काय आणलंयस – पाय वर-खाली करायचं हँडल? तुझं बसतं यात? आमचं मर्लच्या सीटखाली असतं. नको, राहू दे. नको म्हटलं ना... किती वाजले? बरं. शिकायचंच आहे तर हाताखालून गेलेलं बरं. मी मधोमध बसते, हलत नाही. आधी मागचे दोन, थोडे-थोडेच, मग पुढचे दोन – नाक कायम जरा वर राहू दे, घाई करू नकोस. हां, असं. पायांच्या त्या नळ्यांवर खडूच्या खुणा आहेत बघ, त्या पुसू नकोस हं. त्या आपल्या – लेव्हलसाठी आहेत. ते बाजूला पडलेले ठोकळे आत सरकव. अजून. टेकलं? टेकलं. बश्या गप्प झाल्या बघ.

तुझं ते स्टूल दे इकडं. हात दे. सोडू नकोस – आता सोड. शूज ट्रकमध्येच असतात रे, मोज्यांवरच जाते, ते झुडूप आहे ना, तिथपर्यंत. रोज खिडकीतून बघते त्याला. एवढं जवळ आहे हे माहीतच नव्हतं मला. वाळू कोमट आहे. किती बरं वाटतंय, काय सांगू तुला.

मारत नाही तो, तसलं काही मनात आणू नकोस. मागच्या हिवाळ्यात मी बहिणीकडं निघाले होते, टूसॉनला, चालत हमरस्त्यापर्यंत पोचले होते. त्यानंतर हा घर असं उंच ठेवायला लागला. घाबरला असेल, असं मी धरून चालते. आणि खुणा त्याच्या आहेत. आल्याआल्या आधी त्या बघतो, मग मला हाक मारतो. लेव्हल कसली आलीय.

तुझ्या ट्रकमधून? टूसॉनला, आत्ता? अरे, अंगात हा गाऊन, पायात हे मोजे, आणि त्यांना काटे लागलेत – अशी उभी राहू बहिणीच्या दारात? आज नको. नको म्हणतेय ना. मला वर घे. स्टूल धर, चढते मी. हां, बसले मधोमध. आता उलटं – आधी पुढचे दोन, मग मागचे, आणि ठोकळे होते तसे टाक. फिरव ना. का थांबलास? असा बघू नकोस माझ्याकडं, हात चालव, त्याची यायची वेळ झाली. बश्या वाजायला लागल्या, म्हणजे आलंच वर.

थांब. खूण किती लांब आहे? एक बोट? राहू दे तेवढं. चारही पायांना एकेक बोट कमी, नाहीतर वाकडं होईल. हो, कळेल त्याला. पहिल्या नजरेत कळेल. भीती वाटतेय मला – पण राहू दे. ती बघ धूळ, तिकडं, वळणावर. जा तू आता, हँडल झाकून ने. आणि तुझं घर उजेड आहे तोवर खाली घे, आज वारा सुटणार आहे म्हणतात. जा म्हटलं ना.