आठ, सात आणि शून्य

मी तेव्हा सी लँग्वेज शिकत होतो, म्हणजे मला सगळं येतंय अशी माझी समजूत होती. त्या भरात मी मीरा रोडच्या आमच्या सोसायटीच्या सभेसाठी हजेरीचा प्रोग्राम लिहिला. दोन्ही विंगमधून माणसं आली असतील तर स्क्रीनवर ‘सभा सुरू करा’ यायचं, नाहीतर ‘थांबा’.

ए विंगचे आठ जण आले, बी विंगचे सात. आकडे टाकले, तर स्क्रीनवर ‘थांबा’.

सेक्रेटरी परबकाका म्हणाले, “अरे, एवढी माणसं बसलीयत, त्याला दिसत नाहीत का?”

बाबांनी मान खाली घातली. मी कोड बघितला. ‘आणि’साठी & हे चिन्ह दोनदा लागतं, मी एकदाच टाकलं होतं.

“काका, एका चिन्हाने तो आकडे बायनरीत, म्हणजे नुसत्या एक-शून्यांत धरून एकेक घर जुळवतो. आठ म्हणजे १०००, सात म्हणजे ०१११. दोघांकडे एक आहे असं घरच नाही. म्हणून उत्तर शून्य, आणि शून्य म्हणजे ‘नाही’.”

पाण्याच्या टाकीवरून दोन विंगांमध्ये वर्षभर अबोला होता. बी विंगचे शहाभाई शांतपणे म्हणाले, “मतलब दोनों विंग में कुछ भी कॉमन नहीं. प्रोग्राम सही है बेटा, रहने दे.”