आक्काचा टवका उडालेला दात

दाताच्या त्या व्हेनिअरचं म्हणशील, तर आमच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, ते दवाखान्याच्या खुर्चीतच निकालात काढलं बघ.

लहानपणी माझे दुधाचे दात पडलेले, पण ऊस तर पाहिजेच. मग बांधावर बसून आक्का दातानं ऊस सोलायची आणि मला एकेक तुकडा द्यायची. त्यातच तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला.

आता तिच्या नातीचं लग्न ठरलं, तशी तिची लेक मागं लागली, "आई, फोटोत बरं दिसत न्हाय, दात करून घे." गेलो शाहूपुरीत दाताच्या डॉक्टरीणबाईंकडं. मी बी होतो संगं.

बाई म्हणाल्या, "आजी, दातावर व्हेनिअर, म्हणजे पातळ पापुद्रा चिकटवते. पण त्यासाठी मूळ दात थोडा घासावा लागतो. घासलेलं परत भरून येत नाही. थंड लागलं की शिवशिवेलही."

"ते ऱ्हाऊ दे. त्यानं ऊस सोलता येईल न्हवं?"

"दातानं? छे, पापुद्रा निघून येईल."

आक्का खुर्चीवरनं उतरलीच. "मग नगो बाई."

बाईंना हसू आवरेना. "अहो, या वयात ऊस सोलताय कुणासाठी?"

आक्कानं माझ्याकडं बोट केलं. "ह्येच्यासाठी. ह्येचं दात परत पडल्यात की!"