पट्टी लावायची मशीन

राजेहो, मशीन घ्यायची असन तं घ्या, पण चालवून दाखवाले एजंटले दुकानात बोलावू नका. मी बोलावलं होतं.

ऐंशीनंतरची गोष्ट आहे. वर्ध्याच्या आमच्या कपाटांच्या दुकानात प्लायच्या कडेले पट्टी हातानंच लागे. सरस लावा, अन् चिकटेपर्यंत दाबून बसा. मले ते बसणंच जमत नसे. शेवटी मी नागपूरच्या एजंटले निरोप धाडला. तो मशीन घेऊन आला. "हातानं दाबत बसायचे दिवस गेले, भाऊ," म्हणाला. मशीनची पिन लावली, अन् लाइन गेली.

संध्याकाळी सिंदीले लग्नाचं कपाट पोचवायचं होतं. माह्या जिवाले चैन नाई. दारात जाऊ, तारांकडे पाहू, परत येऊ.

"तू पाहून राह्यला म्हणून लाइन येते काय?" मोठे दादा ओरडले. "पट्टी दाब!"

"मशीन समोर असताना हातानं काऊन दाबू?"

दादांनी माहा नाद सोडला अन् एजंटकडे वळले. "साहेब, तुमी रिकामेच बसले. लाइन येईपर्यंत एवढी कड धरता का?"

बिचाऱ्यानं टाय खांद्यावर टाकला अन् दोन्ही हातांनी पट्टी दाबून बसला.

तेवढ्यात बल्ब लागला. मी उडालोच. "आली, आली! उठा साहेब, चालू करा मशीन!"

एजंटनं मानही वर केली नाई.

"थांबा ना जरा," तो खेकसला. "आत्ता हात काढला तं पट्टी निघन."