लग्नाच्या पोरीचं पोट

...आणि आमच्या घरातला नियम काय, तर लग्नाच्या पोरीचं पोट दुखत नाही. डोकं दुखलं तर चालतं, दात दुखला तर चालतं, पाय तर रोज दुखायलाच पाहिजेत, नाहीतर पोरगी कामसू आहे हे कळणार कसं? पण पोट नाही. पोट दुखतं म्हटलं की लोक विचारतात, का दुखतं? आणि लग्नाच्या पोरीच्या बाबतीत या प्रश्नाला म्हणे एकही चांगलं उत्तर नसतं. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारायचं नाही. मी एकदा विचारलं होतं. आमचे आजोबा, आबा, म्हणाले, "आपल्यात नाय दुखत." आपल्यात म्हणजे? धनगराच्या पोरींना काय वेगळं पोट बसवलेलं असतं? तुम्हाला सांगते, मी एमएस्सी केलंय, तेही प्राणिशास्त्रात, मला तरी कुठल्या पुस्तकात असं पोट सापडलं नाही.

तर माझ्या पित्ताशयात खडे निघाले. सात. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली अशी कळ यायची, की पुंडलिकनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत मी भिंत धरून उभी राहायची, आणि केसरआत्या म्हणायची, "भिंतीला नवा रंग दिलाय प्रांजे, हात काढ." शेवटी उलट्या सुरू झाल्या, ताप भरला, तेव्हा "ताप आलाय" असं सांगून मला दवाखान्यात नेलं. पोट हा शब्द नोंदणीच्या खिडकीवरसुद्धा कुणी काढला नाही. तिथं दुर्बिणीनं ऑपरेशन झालं, पोटावर चार भोकं, पित्ताची पिशवी बाहेर. आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पाहुण्यारावळ्यांत निरोप गेला की प्रांजलीचं अपेंडिक्सचं झालं. अपेंडिक्स का? तर आत्याचं म्हणणं, "अपेंडिक गेलं तर गेलं, त्याचा कुणाला उपेग असतोय? पित्ताचं म्हटलं की सासू म्हणणार, ही जन्मभर पथ्यावर." मी म्हटलं, आत्या, भोकं चार आहेत, अपेंडिक्सला तीन पुरतात. तर म्हणे, "भोकं कोण मोजतंय?"

बरं, ते जाऊ द्या. पिशवी गेली, खडे गेले, कळ गेली. दोन महिने खरंच गेली. मग एका रविवारी साधा वरणभात खाल्ला आणि... परत तीच. त्याच जागी. आता मला सांगा, जी वस्तू पोटात नाहीच ती दुखते कशी? घर सोडून गेलेल्या भाडेकरूनं मध्यरात्री... मध्यरात्री कशाला, भर दुपारी येऊन बेल वाजवावी, तसं. मी आईच्या कानात सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं, मला वाटलं आता विचारेल. ती म्हणाली, "आबा बाहेर बसलेत."

आणि दोन खोल्यांत कानात सांगितलेलं कानात राहतं होय? झालं. दुखतं असं म्हणायला बंदी, पण त्यावर मत द्यायला कसली बंदी? आबांनी म्हणजे भिकन आजोबांनी चाळीस वर्षं फुलंब्रीच्या रानात मेंढरं राखलेली, त्यामुळं निदान तिकडूनच आलं. "मेंढरू सोलताना पित्त फुटलं की आख्खं मटण कडू व्हतं. त्या डाक्टरनं फोडलं असणार. पोरगी आतून कडू झाली." मी म्हटलं, आबा, मी मेंढरू नाही. "व्हय," म्हणाले, "मेंढरू असं वरडत नाय."

आत्याचं निदान वेगळं. दवाखान्यानं ते सात खडे बाटलीत घालून दिले होते, ते घरात ठेवले म्हणून दुखणं खड्यांच्या मागं परत आलं, ते वाहत्या पाण्यात सोडायला पाहिजेत. बाटली पदराखाली घेऊन बाई रिक्षानं खाम नदीवर गेली, आणि मे महिन्यात वाहतं पाणी शोधत पाऊण तास काठानं फिरली. शेवटी म्हणे एका पाइपातून वाहत होतं, तिथं सोडले. बाबांना विचारलं तर बाबा म्हणाले, आबा म्हणतील तसं. सगळे बोलले, हो. मेंढरं आली, नदी आली, माझा मोबाइल आला, माझं रात्री जागून वाचणं आलं. पण कुठं दुखतं, ते विचारलं का कुणी?

लहानपणी विचारायची ना आई. तेव्हा माझ्या पोटाला दुखायची परवानगी होती. कोमट पाण्यात हिंग कालवायची, मला मांडीवर आडवी घ्यायची, बेंबीभोवती लेप लावायची आणि मग एक बोट ठेवून विचारायची, "इथं? का इथं?" आणि तुम्हाला सांगते, मला जागा माहीत असायची, तरी मी मुद्दाम नाही म्हणायची. इथं नाही. इथं पण नाही. म्हणजे ते बोट अजून जरा वेळ फिरत राहायचं. कधीकधी दुखणं कधीच थांबलेलं असायचं, मी तशीच पडून. मग मी एकोणीस वर्षांची झाले, पहिलं स्थळ आलं, आणि तो हिंगाचा लेप जो बंद झाला... हिंग अजून येतो घरात. फोडणीत जातो.

खायचं तर विचारूच नका. शहागंजात मैत्रिणींबरोबर नान-खलिया खायचे मी, मटणाची तर्री बोटांवरून मनगटापर्यंत यायची. आता मुगाचं वरण, मुगाची खिचडी, मुगाचं धिरडं. वर ताट बघून आत्या म्हणणार, "किती बारीक झाली, पाहुणे काय म्हणतील?" पाहुणे! पण कुठं दुखतं, ते?

शेवटी मी एकटी गेले दवाखान्यात. डॉक्टरबाई, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील, कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, "झोप. आणि बोटानं दाखव, नेमकं कुठं दुखतं." संपलं. मी रडायला लागले. त्या घाबरल्या, म्हणाल्या, "इतकं दुखतंय?" आता त्यांना काय सांगू, बाई, दुखतंय म्हणून नाही हो रडत.

मग त्यांनी नीट समजावलं. पिशवी काढली तरी पित्त यकृतात तयार होतच राहतं, ते नळीतून आतड्यात उतरतं. त्या नळीत एखादा खडा मागं राहिला असेल. किंवा नळीच्या तोंडाशी एक झडप असते, ती आखडत असेल. पित्त उलटं जठरात येत असेल. आतली जखम भरताना काही चिकटलं असेल. किंवा याचा पित्ताशयाशी काही संबंधच नसेल, साधी आम्लता असेल, अल्सर असेल, आतडं चिडलेलं असेल. मी म्हटलं, कडू तर नाही ना झाले मी? त्या म्हणाल्या, "म्हणजे?" मी म्हटलं, काही नाही. रक्त तपासू, एमआरआय करू, म्हणाल्या, आणि नळीत खडा असेल तर वाट बघून चालायचं नाही. गुरुवार, दुपारी दीड. सकाळी सातपासून पोटात काही नको, पाणीसुद्धा नको.

घरी येऊन सांगितलं. आबा म्हणाले, "गुरवारी चिकलठाण्याचे पाहुणे येणार हायेत तुला बघायला. तपासणी ढकल पुढं. खडा काय पळून चाललाय?" मी म्हटलं, पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळेल. तर म्हणे, "एवढे दिस दुखलं, आजून दुखू दे." मी गप्प बसले. त्यांना वाटलं, ऐकलं. मी तारीख बदलायला फोनच केला नाही.

गुरुवारी अकराला पाहुणे आले. मुलगा अभय, कंपनीत इंजिनिअर, बिचारा पूर्ण वेळ फरशी बघत होता. त्याची आई गोजरबाई, आणि मामा बिभीषणराव. मामांनी विचारलं, "पोरीची प्रकृती?" आबा म्हणाले, "ठणठणीत. अपेंडिक तेवढं काढलंय." पोहे आले. मी पोहे दिले, खाल्ले नाहीत. चहा दिला, घेतला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, लग्नाच्या पोरीनं न खाणं शोभतंच. पण गोजरबाईंना मी आवडले. आता आमच्यात रीत अशी की मुलाच्या आईनं पेढा भरवला आणि पोरीनं खाल्ला की होकार. दोन्हीकडचा. पुन्हा विचारणं नाही. बाईंनी पिशवीतून पुडा काढला, पेढा उचलला आणि थेट माझ्या ओठांशी आणला.

मी घड्याळ बघितलं. पावणेबारा. आता बघा, एक पेढा. केवढासा. खाल्ला की तपासणी गेली, तीन आठवडे गेले, आणि पुढचं सगळं आयुष्य चिकलठाण्याला गेलं, तिथंही अपेंडिक्सच सांभाळत बसायचं. मागून आत्यानं दंडाला चिमटा काढला, "तोंड उघड गं."

उघडलं.

"मावशी, मला आज खाता येत नाही," मी म्हटलं. "दीड वाजता माझ्या पोटाचा एमआरआय आहे. अपेंडिक्स माझं जागेवर आहे, पित्ताशय काढलंय, आणि तरी दुखतंय. खडा असेल, झडप असेल, नाहीतर काहीच नसेल. काय आहे ते कळल्याशिवाय मी हा पेढा खाणार नाही. उद्याही नाही."

गोजरबाईंचा हात हवेत राहिला. मामा बशीत बघायला लागले. आबांनी घसा खाकरला, वाटलं आता मेंढरू निघणार, पण नाही. आत्याचा चिमटासुद्धा सुटला. आई आतल्या दारात उभी होती, तिच्याकडं मी जरा जास्त वेळ बघितलं, खोटं कशाला सांगू... तीही काही बोलली नाही. पोट दुखत होतं ते दुखतच होतं. पण ऑपरेशनला पाच महिने झाले, तुम्हाला सांगते, त्या घरात माझ्या पोटाबद्दल कुणाकडंच काही मत नाही, असं पहिल्यांदाच झालं.