बाबांनी माझ्यासाठी नोकरी मागितली

आयटीत केस पिकले माझे, तरी माझ्यासाठी नोकरी मागायला बाबा गेलेच. ऐका तर.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली ते वर्ष. त्याच वर्षी आई गेली आणि फुलसावंगीच्या घरात बाबा एकटे उरले. जेवायचंसुद्धा विसरायला लागले. मी पुण्यातल्या कंपनीकडून आठवड्यात तीनच दिवसांचं काम मागून घेतलं, तेही घरून, आणि लॅपटॉप घेऊन गावी आले.

बाबा म्हणाले, "खरं सांग, कंपनीनं काढलं ना तुले?"

"नाही बाबा. मीच कमी काम मागितलं."

"असं कोणी मागते काय?"

थोड्या दिवसांनी गावातल्या शाळेचे हेडमास्तर दारात. संकोचून म्हणाले, "ताई, तुमचे बाबा आलते. तुमच्यासाठी कॉम्प्युटर शिकवायची जागा हाये काय, विचारत होते. सध्या जागा नाही, पण तुम्ही खचू नका."

जन्मात कोणापुढे हात न पसरलेला माणूस! मी आत गेले. "बाबा, कायले गेलते तुम्ही?"

"माह्या पोरीवर वाईट वेळ आली, मंग गप बसू काय?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, "बाबा, माझी नोकरी आहे. उरलेले दिवस मी तुमच्यासाठी मागून आणलेत."

बाबा उठले. मग चपला घालून थेट शाळेत गेले. हेडमास्तरांनीच मला नंतर सांगितलं. बाबा दारातूनच म्हणाले होते, "गुरुजी, पोरीसाठी जागा पाहू नका. तिले येळ नाही. अर्धे दिवस कंपनीचे हायेत, अन् अर्धे माहे."