शेवटचे चौदा सेकंद

बूट तिथेच काढ, आत आणू नकोस — आणि काका म्हणू नकोस मला, मागेच सांगितलंय ना तुला. दामले म्हण, इथल्या जर्मनांसारखं हेर दामले म्हण, नाहीतर काहीच म्हणू नकोस. ऊर्मिला नाहीये घरी. मानहाइमला गेलीय, मंडळाची मीटिंग आहे, तासाभरात येईल. तुला काय वाटलं, शनिवारी दुपारी गेलं की काकू दार उघडेल, हसेल, चहा टाकेल, आणि तिच्याकडे बघून मी पाघळेन? बस. तिथे नको — तिथे ईप्सिता बसते. बसायची. ह्या खुर्चीवर बस.

हे काय? पत्रिका? छापूनसुद्धा आणलीस? — अच्छा, नमुना. बघू. वा. 'सौ. ऊर्मिला व श्री. देवदत्त दामले यांची ज्येष्ठ कन्या' — ज्येष्ठ? एकुलती एक आहे रे ती, ज्येष्ठ कुठून आली? तुझ्या आत्याने केलाय ना मजकूर, मॉरिशसला बसून, कुठल्या तरी जुन्या पत्रिकेवरून उतरवलेला. आणि तू ही घेऊन कायझर्सलाउटर्नहून लुडविग्सहाफेनपर्यंत आलास, कशासाठी, तर माझं नाव घालू का म्हणून विचारायला. फोन होता की. फोनवर विचारलं असतंस तर मी एका शब्दात उत्तर दिलं असतं. म्हणूनच नाही केलास, हो ना? गेनाऊ, अगदी तेच. हुशार आहेस. आता इथे येऊन मास्टर्स करतोयस, हुशार असणारच.

प्रणव भिवाजी. भिवाजी हे आडनाव असतं का रे कुणाचं? ते नाव आहे. पणजोबा का खापरपणजोबा कोण तुझे ते, रत्नागिरीकडून बोटीने मॉरिशसला गेले ऊस तोडायला, तिथल्या कारकुनाने बापाचं नाव विचारलं, यांनी सांगितलं, झालं, तेच आडनाव. आता माझी मुलगी ईप्सिता भिवाजी होणार. — हसू नकोस. हसला नाहीस? मग तोंड तसं का केलंस? मी जातपात बघत नाही, कुणालाही विचार, एकोणीस वर्षं झाली मला या देशात, माझ्या डिपार्टमेंटमध्ये तुर्की आहेत, पोलिश आहेत, सगळ्यांबरोबर मी जेवतो. प्रश्न तो नाहीच आहे. प्रश्न काय आहे सांगू? मागच्या वर्षी तू सहा महिने एक्स्चेंजवर आला होतास, गणपतीला आलास आमच्याकडे, आठवतंय? आरती सुरू झाली. आम्ही सगळे पुस्तक हातात धरून, आणि तू डोळे मिटून, एकामागून एक, सगळी कडवी, मंत्रपुष्पांजलीपर्यंत. तुला मराठीत धड एक वाक्य बोलता येत नव्हतं, क्रिओल बोलतोस तू घरी, पण आरत्या तोंडपाठ. वर म्हणालास की आमच्याकडे अजून झाकरी, म्हणजे आपली कोकणातली जाखडी, नाचतात रात्रभर. आणि माझी पोरगी — जिला मी पाच वर्षांची असल्यापासून रविवार रविवार बाराखडी गिरवायला बसवली, जी मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देते — ती तुझ्या शेजारी उभी राहून तुझ्या तोंडाकडे बघत होती. पुढच्या आठवड्यात तिला तीन आरत्या पाठ. मी एकोणीस वर्षं घासलो त्याचं काय? राग आला मला. येणारच. मी काय संत आहे?

आल्झो, मुद्द्यावर येतो. तू का आलायस ते मला कळतंय. पत्रिका हे निमित्त आहे. तू मला तोंडावर सांगायला आलायस — मे महिन्यातलं. सांग ना मग. घाबरतोस कशाला? की मी बोलायची वाट बघतोयस?

मुळात ती स्पर्धाच कसली. बेटांची. आठ बेटं, आठ टीम, फेरो काय, माल्टा काय, सेशेल्स काय, आणि खेळणार कुठे, तर जिथून समुद्र पाचशे किलोमीटर लांब आहे अशा आमच्या हॉलमध्ये. फुटसाल म्हणे. पाच-पाच जणांचा फुटबॉल, छपराखाली. तू मॉरिशसच्या टीमबरोबर परत आलास, कॅप्टन होऊन, आणि ईप्सिता नाचायला लागली. आणि टेबलावर त्साइटनेमर, म्हणजे घड्याळवाला, कोण, तर मी. का? कारण ईप्सिता लहानपणी हँडबॉल खेळायची, आणि इथे नियमच आहे, पोर खेळत असेल तर आईबापांपैकी एकाने टेबलावर बसायचं, घड्याळ सांभाळायचं, त्याची परीक्षा असते, सर्टिफिकेट असतं. बाकीचे बाप कंटाळा करायचे. मी बारा वर्षं बसलो. कुठला भारतीय बसलाय सांग? पोरगी खेळायची थांबली तरी मी बसतच राहिलो. त्यामुळे स्पर्धा आली तेव्हा क्लबने पहिलं मलाच विचारलं. आणि माझ्या शेजारी फाउल मोजायला कोण बसली, तर ही. तुला बघायला मिळावं म्हणून. मला माहीत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला?

तर शनिवारची सेमीफायनल. तुम्ही आणि फेरो. तीन-दोन, तुम्ही मागे. चौदा सेकंद बाकी. बॉल बाहेर गेला. आता हँडबॉलमध्ये बॉल बाहेर गेला तरी घड्याळ चालू राहतं, पंचाने खूण केल्याशिवाय थांबवायचं नसतं. फुटसालमध्ये बॉल बाहेर की घड्याळ बंद, दर वेळी, लगेच. मी नाही थांबवलं. बॉल आणेपर्यंत, ठेवेपर्यंत, तू मारेपर्यंत गेले चौदा सेकंद. तुझा बॉल जाळ्यात गेला तेव्हा भोंगा वाजून गेला होता. तुमचा तो कोच धावत आला टेबलाकडे, हात हलवत. मी काय म्हणालो? मी म्हणालो, एन्टशुल्डिगुंग, माफ करा, हँडबॉलची सवय, बारा वर्षांची. पंचांनी मान डोलावली. त्यांना पटलं. कोचने तक्रारीचा कागद लिहून दिला, तो कागद समितीने परत केला. मला कोणी काही केलं नाही. उलट क्लबचा अध्यक्ष येऊन म्हणाला, हेर दामले, मनाला लावून घेऊ नका.

पण तुला नाही पटलं. जा, जा, मला कळतंय, तू काय गप्प बसणाऱ्यातला आहेस. तीन दिवस, अकरा मॅचेस मी बसलो होतो त्या टेबलावर. अकराच्या अकरा मॅचेसमध्ये बॉल बाहेर गेला की अर्ध्या सेकंदात घड्याळ बंद. एकदा तरी सवय आडवी आली? मग बाराव्या मॅचच्या शेवटच्या चौदा सेकंदांतच कशी आली? हेच विचारायचंय ना तुला? विचार की. इंजिनियर आहेस, हिशेब येतो तुला.

सांगतो. हरलेल्या टीमची बस रविवारी सकाळी सातला फ्रांकफुर्टच्या विमानतळावर जाणार होती. जिंकलेली टीम फायनलसाठी राहणार होती सोमवारपर्यंत. आणि रविवारी दुपारी तू आमच्याकडे जेवायला येणार होतास. ऊर्मिलाने मला न विचारता सांगितलं होतं तुला. शनिवारी सकाळीच पुरणाची डाळ निवडून ठेवली होती तिने. जेवण झाल्यावर तू मला लग्नाचं विचारणार होतास, ते ईप्सिताने आईला सांगितलं होतं, आईने मला सांगितलं. चौदा सेकंदांत तुम्ही गोल केला असता, बरोबरी झाली असती, पुढे जिंकला असतात तर तू राहिला असतास. आणि मला तू समोर नको होतास. तू विचारलं असतंस तर मला नाही म्हणता आलं नसतं, हे — हे मला माहीत होतं. तू चांगला मुलगा आहेस. त्याचाच तर वैताग आहे. तू दारू पीत असतास, बाईलवेडा असतास, तर मला किती सोपं गेलं असतं.

माझा अंगठा बटणावर होता. दाबायच्या ऐवजी उचलला मी तो. एवढंच. बॉल बाहेर जाताना मी पाहिला आणि अंगठा उचलला.

आणि शेजारी ती होती, फाउलचा कागद घेऊन. तिने कागदाकडे नाही, माझ्या हाताकडे बघितलं. रात्री तिला घेऊन घरी आलो. घराखाली गाडी लावली, मी किल्ली काढली, तेव्हा ती मराठीत बोलली. कित्येक वर्षांत आपणहून मराठीत बोलली नव्हती माझ्याशी. म्हणाली, बाबा, तुम्ही बॉल पाहिला होता. बस, इतकंच. पुढच्या महिन्यात कायझर्सलाउटर्नला, तिच्या युनिव्हर्सिटीजवळ, खोली घेतली. पाच महिने झाले. आईशी बोलते. मी फोन उचलला की म्हणते, आईला द्या.

तर हे. झालं तुझं समाधान? आता जा आणि तिला सांग, बापाने कबूल केलं. मग दोघं मिळून माझं नाव खोडा त्या पत्रिकेतून, कन्यादानाला तिच्या मामाला उभं करा, मी जानेवारीत लग्नाला मॉरिशसला येत नाही, आलो असतो तरी कुठल्या तोंडाने — काय?

काय म्हणालास?

नाही, नाही, मोठ्याने बोल. काय बोललास आत्ता?

— तिने सांगितलं नाही तुला?

थांब. थांब जरा. तुला चूक वाटली होती? तू इतके दिवस — आणि घर का सोडलं म्हणाली ती? अभ्यासासाठी? गाडीने जाण्यायेण्यात वेळ जातो म्हणून? आणि माझ्याशी बोलत नाही ते? बाबांना अजून ओशाळल्यासारखं वाटतं, म्हणून? असं म्हणाली? माझ्यासाठी असं म्हणाली ती?

म्हणजे तू खरंच नुसतं नाव विचारायला आला होतास.

तुझ्या टीमला सांगितलंस तू, की सासरे भले आहेत, चूक झाली त्यांची, सोडून द्या — तू सांगितलंस असं? त्या कोचलाही? — उठू नकोस. प्रणव, बस जरा. मी चहा टाकतो. तुला आलं घातलेला आवडतो, ऊर्मिला सांगत होती. हे बघ, मी रागाच्या भरात बोललो, माणूस रागात काहीही — नाही. नाही, ते खरंच आहे. अंगठ्याचं खरं आहे. आता ते खोटं कसं करू मी.

असं बघू नकोस माझ्याकडे. तीही अशीच बघत होती.

ऊर्मिला येईल आता. तिलाही मी हँडबॉलचंच सांगितलंय. तू जा. ती यायच्या आत जा. बूट बाहेर जाऊन घाल.